सोनगीर परिसरातील चुनखडीयुक्त बरड जमीन : महसुली प्रतवारी आणि चराऊ अर्थव्यवहार

प्रस्तावना

खानदेशचा कृषी-इतिहास प्रामुख्याने तापीकाठच्या काळ्या जमिनीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कापूस, केळी, सावकारी कर्ज, रेल्वे व बाजारपेठ हे त्याचे नेहमीचे विषय होत. याच प्रदेशात टेकड्यांच्या उतारांवर, डोंगरसोंडांवर व माळांवर पसरलेल्या उथळ, मुरमाड आणि चुनखडीयुक्त जमिनीकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. महसुली दप्तरात ती 'बरड', 'पड' किंवा 'खराब' या शब्दांनी नोंदली गेली व त्या शब्दांनीच तिचे मूल्य ठरले. प्रस्तुत लेखात धुळे तालुक्यातील सोनगीर व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या जमिनीचे गुणधर्म कोणते, एकोणिसाव्या शतकातील प्रतवारीत त्यांपैकी कोणते 'दोष' ठरले आणि त्याचे परिणाम कोणावर झाले, याचा विचार केला आहे.

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा मार्गालगत वसलेले गाव. गावालगतच्या टेकडीवर मध्ययुगीन किल्ला आहे. दक्षिणेतून माळव्याकडे व बुऱ्हाणपुराकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवणे हे या किल्ल्याचे प्रयोजन होते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या खानदेश खंडात सोनगीरची ख्याती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सांगितली असून जाड्याभरड्या घोंगड्या व सुती कापड येथे होत असल्याचीही नोंद आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी गाव आजही ओळखले जाते. घोंगड्यांचा उल्लेख मात्र सहसा वाचून सोडून दिला जातो. वास्तविक घोंगडी म्हणजे लोकर, लोकर म्हणजे मेंढरे आणि मेंढरे म्हणजे चराऊ रान. गावाच्या या एका धंद्यामागे बरड जमिनीचा मोठा विस्तार उभा होता, हे त्या एका शब्दातून उमगते.

जमिनीची घडण

या परिसरातील खडक दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपासून तो बनला. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत या थरांना छेदून वर आलेल्या, साधारणपणे पूर्व-पश्चिम पसरलेल्या डाईकच्या भिंती मोठ्या संख्येने आढळतात. भूशास्त्रज्ञांना हा प्रदेश त्यासाठीच परिचित आहे. आजूबाजूचा खडक झिजला तरी काही डाईक टिकून राहतात आणि लांबच लांब अरुंद डोंगररांगा तयार होतात. अशा रांगांच्या दोन्ही उतारांवर माती फार साचत नाही. वीतभर ते हातभर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली फुटका खडक असा छेद ओढ्याच्या काठी सर्रास पाहावयास मिळतो.

बेसाल्टमध्ये कॅल्शियम ऑक्साईडचे प्रमाण सुमारे दहा टक्के असते. खडक कुजताना हे कॅल्शियम मोकळे होते व पावसाच्या पाण्यात विरघळून खाली झिरपते. पुढे त्याचे काय होते, हे पावसाच्या प्रमाणावर अवलंबून असते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व कोकणात पाऊस इतका पडतो की विरघळलेला चुना मातीतून पार धुऊन जातो व मागे तांबडी, आम्लधर्मी माती उरते. सोनगीर परिसर पर्जन्यछायेत येतो. येथे वर्षाचा पाऊस साधारणतः पाचशे ते साडेसहाशे मिलिमीटरच्या दरम्यान असतो व तोही चार महिन्यांत, मधूनमधून पडतो. पाणी काही अंतर खाली जाते, उन्हाने जमीन तापते, पाणी उडून जाते आणि विरघळलेला चुना मुरमाच्या फटींत पांढऱ्या रेषांच्या, भुकटीच्या किंवा खड्यांच्या रूपाने मागे राहतो. यालाच लोक चुनखडी म्हणतात. एकाच काळ्या पाषाणापासून घाटमाथ्यावर चुनाविरहित तांबडी व पर्जन्यछायेत चुनखडीची माती तयार व्हावी, यात खडकापेक्षा पावसाचा वाटा मोठा आहे. या अर्थाने चुनखडी ही शेकडो-हजारो वर्षांच्या अवर्षणाची मातीत राहिलेली नोंदच होय.

अशा जमिनीचा दुसरा गुण म्हणजे निचरा. खाली मुरूम असल्याने पाणी साचत नाही. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाय रुततो, बैल अडतो, औत चालत नाही. बरडावर मात्र पावसाची सर ओसरताच वाट कोरडी होते. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. पाण्याचा साठा थोडा असल्याने पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली की या जमिनीवरील पीक मान टाकते. चुन्यामुळे माती अल्कधर्मी असते. स्फुरद चुन्याशी बांधला जातो, लोह व जस्त पिकांना कमी मिळते आणि फळझाडांची पाने पिवळी पडतात. म्हणजे पिकाच्या दृष्टीने ही जमीन दुय्यम ठरते, ही गोष्ट नाकारता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो की जमिनीला केवळ पिकाच्या मापानेच मोजावे काय?

चुनखडीचे सर्व स्तर सारखे नसतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या जमिनींचा जो अभ्यास केला, त्यावरून असे दिसते की कोरड्या हवामानात चुना साकळत गेला की मातीतील कणांवर सोडियमचे प्रमाण वाढते, निचरा बिघडतो व जमीन चोपण होऊ लागते. हा धोका प्रामुख्याने सखल, भारी, चिकण जमिनीत संभवतो. डोंगरउतारावरील मुरमाड जमिनीत चुना असूनही निचरा टिकून राहतो. 'चुनखडीची जमीन वाईट' हे विधान म्हणूनच सरसकट करता येत नाही.

काळी, पांढरी आणि बरड

मराठी गावगाड्यात 'काळी' म्हणजे शेतजमीन व 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. 'काळी-पांढरी'ची शपथ घेण्याची जुनी पद्धत सर्वश्रुत आहे. या जोडशब्दात बरडाला जागा नाही. आणि तरीही काळी कसण्यासाठी बैल, पांढरीवर राहण्यासाठी चुना-दगड व सरपण, घरासाठी शाकारण्याचे गवत हे सारे बरडावरूनच येत असे. चुनखडीचे खडे गोळा करून भट्टीत भाजले की बांधकामाचा चुना मिळतो. सिमेंट येण्यापूर्वी किल्ल्यांचे तट, विहिरींचे बांधीव काठ व गढ्यांच्या भिंती ज्या चुन्यात बांधल्या जात, त्याचा एक मोठा स्रोत हीच चुनखडी होती. पिकाला जो दोष, तो गवंड्याला माल होता.

बरडावरील गवतांची नावे लोकभाषेत बारकाईने भेद करणारी आहेत. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी, डोंगरी ही त्यांतील काही. मारवेल खोल मातीत व ओलाव्याच्या जागी वाढते, शेडा मध्यम जमिनीत टिकतो आणि चराई वाढून माती झिजली की कुसळी पसरते. एखाद्या माळावर कोणते गवत अधिक आहे, एवढ्यावरून त्या माळाची प्रकृती गुराख्याला सांगता येते. महसुली प्रतवारीकार खड्डा खणून जे शोधत असे, ते त्याला वरच्या वर दिसत असे.

या संदर्भात रोशा किंवा तिखाडी या सुगंधी गवताचे उदाहरण विशेष बोलके आहे. पश्चिम खानदेशात, विशेषतः पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे या बाजूस, रोशाचे तेल गाळण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आला होता. हे तेल मुंबईमार्गे परदेशी जाई व तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात मिसळण्यासाठी वापरले जाई. या गवताचे 'मोतिया' व 'सोफिया' असे दोन प्रकार व्यापारात मानले जातात. मोतियाचे तेल उंची समजले जाते व ते उघड्या, कोरड्या, निचऱ्याच्या उतारांवरील गवतापासून मिळते. सखल व दमट जागी वाढणाऱ्या सोफियाचे तेल हलके ठरते. ज्या उतारांना महसुली तक्त्यात सर्वांत खालची प्रत मिळत होती, त्याच प्रकारच्या उतारांवरील गवताला अत्तराच्या बाजारात वरची प्रत मिळत होती.

प्रतवारीचे गणित

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा हा प्रदेश उद्ध्वस्त झालेला होता. होळकरांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ व पेंढारी-अरबांचा उपद्रव यांमुळे अनेक गावे ओस पडली होती. पहिले अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. पड जमीन लागवडीखाली आणणे हे नव्या सरकारचे उद्दिष्ट होते, कारण लागवडीतूनच सारा मिळणार होता. गवताखालची जमीन सरकारच्या लेखी वाट पाहणारी जमीन होती.

मुंबई इलाख्यातील प्रिंगल यांच्या पाहणीचा प्रयोग फसल्यावर १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित नियमांचे रूप दिले. या नियमांत जमिनीचे रंग व पोत यांवरून तीन वर्ग केले होते : बारीक पोताची काळी, त्याहून भरड व बहुधा तांबडी, आणि तिसरी खडेमिश्रित किंवा भुसभुशीत, करड्या रंगाची बरड. त्यानंतर मातीची खोली हातांत मोजून एकूण नऊ प्रती ठरविल्या. पावणेदोन हात खोल काळ्या जमिनीस सोळा आणे आणि पाव हात खोल बरडास दोन आणे, ही या तक्त्याची दोन टोके. प्रत्येक सर्व्हे नंबर काल्पनिक रेषांनी समान भागांत विभागून दर भागात खोली पाहिली जाई व दोष आढळल्यास त्याचे चिन्ह त्या चौकटीत मांडले जाई. दोष एकूण सात मानले होते. एक दोष म्हणजे एक प्रत खाली.

या दोषांच्या यादीत पहिला क्रमांक चुनखडीच्या खड्यांचा आहे. वाळूचे मिश्रण दुसरा व उतार तिसरा. याचा अर्थ काय होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाऊण हात खोल तांबड्या जमिनीची प्रत तक्त्यानुसार सहावी व मूल्य सहा आणे. तीत चुनखडी आढळली की प्रत सातवी व मूल्य साडेचार आणे. ती उतारावर असली की प्रत आठवी व मूल्य तीन आणे. डोंगराळ कोरड्या मुलखातील जमिनीचे जे दोन स्वाभाविक गुणधर्म, म्हणजे उतार व चुना, तेवढ्यांनीच तिचे मूल्य निम्म्यावर येते. ज्या उतारामुळे निचरा होतो व ज्या कोरडेपणामुळे चुना टिकतो, त्याच कारणांनी गवताचे रान उभे राहते, ही बाब या गणितात कोठेच येत नाही. गवताचे उत्पन्न मोजण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

या पद्धतीला केवळ दोष देऊन भागणार नाही. तिच्या काळाच्या मानाने ती बारकाईची होती आणि हलक्या जमिनीवर हलका सारा बसविणे हे कुणब्याच्या हिताचेच होते. मात्र हलका सारा हेच बरड मोडण्याचे आमिष ठरले. खानदेशात पाहणीचे काम १८५२ मध्ये सुरू झाले, तेव्हा सावदा व आसपासच्या भागात रयतेने मोजणीला उघड विरोध केला आणि तो मोडण्यासाठी लष्कर आणावे लागले. त्या असंतोषाचे केंद्र पूर्वेकडील संपन्न, काळ्या जमिनीचा टापू होते. बरडावर चरणाऱ्या गुरांच्या मालकांनी उठाव केल्याचे दिसत नाही. मोजणीची साखळी त्यांच्या रानावरून गेली, तेव्हा त्यात आपले काही जात आहे, असे वाटण्याचे कारण त्यांना त्या क्षणी नसावे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव भडकले व खानदेशात लागवडीचा विस्तार झाला. काळी जमीन कापसाखाली गेली की बाजरीसारखी अन्नधान्ये हलक्या जमिनीकडे सरकतात आणि हलक्या जमिनीवरील गुरे आणखी वर, डोंगराकडे सरकतात.

डोंगराकडे मात्र दुसरेच खाते उभे होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर खानदेशातील मोठे क्षेत्र राखीव झाले व चराईला फी, पास व कोंडवाडा यांची बंधने आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात गायराने व डोंगर जंगलखात्यात गेल्याने शेतकऱ्याच्या जनावरांची जी कोंडी झाली, तिची तक्रार केली आहे. १८७९ च्या महसूल अधिनियमाने कलम ३८ नुसार गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली, हे खरे. परंतु राखून ठेवण्यासाठी जी जमीन निवडली गेली, ती बहुधा नांगराला नको असलेलीच होती.

मेंढरे आणि काळी जमीन

धुळे-नंदुरबार भागातील ठेलारी धनगर समाजाचा मेंढपाळीचा व्यवसाय बरड व काळी यांना जोडणारा होता. पावसाळ्यात चिखलाच्या जमिनीवर मेंढीच्या खुरांना रोग होतात, म्हणून त्या दिवसांत कळप निचऱ्याच्या माळावर लागतो. सुगी उरकली की तोच कळप काळ्या जमिनीतील रिकाम्या शेतांत उतरतो. शेतकरी आपल्या शेतात रात्री मेंढरे बसवून घेतो व त्याबद्दल धान्य किंवा रोख मोबदला देतो. या व्यवहारात डोंगरावरील गवत लेंडीखताच्या रूपाने काळ्या जमिनीत पोहोचते. सोळा आणे प्रतीच्या शेताची सुपीकता काही अंशी दोन आणे प्रतीच्या माळावरून येत होती. प्रतवारीने दोन्ही तुकडे वेगवेगळ्या चौकटींत मांडल्याने हा संबंध दप्तरात उतरू शकला नाही.

पाण्याच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड बागायतीची पद्धत या जिल्ह्याचे भूषण मानली जाते. बंधाऱ्यांतील पाणी पावसाळ्यानंतरही टिकण्यासाठी वरच्या उतारांवर पाणी मुरणे आवश्यक असते. गवताने झाकलेला मुरमाड उतार पाणी मुरवितो. उघडा पडलेला उतार ते माती घेऊनच खाली सोडतो. पाव हात माती एकदा वाहून गेली की तेथे कोणत्याही प्रतीची जमीन उरत नाही.

धुळे तालुक्यातीलच लामकानी गावाने या शतकाच्या आरंभापासून डोंगरावर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळून गवत परत आणले. पवन्या व मारवेल यांसारखी गवते तेथे पुन्हा वाढली, चारा कापून नेण्याची पद्धत रुजली व विहिरींना त्याचा लाभ झाला. हा प्रयोग मोलाचा आहे. तथापि चराईबंदीचा नियम गावातील गोठ्यात गाय असणाऱ्यास जितका सोयीचा असतो, तितका फिरत्या मेंढपाळास नसतो, याची जाणीव अशा प्रत्येक ठिकाणी ठेवावी लागेल. कापून आणलेला चारा गायीला घालता येतो. शे-दोनशे मेंढरांचा कळप त्यावर पोसता येत नाही.

प्रतीचे आजचे अस्तित्व

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने कलम २२ खाली गायरानाची तरतूद पुढे चालू ठेवली. पुढील काळात गायरानावर अनेक हक्क येऊन आदळले. भूमिहीनांनी, त्यातही दलित व आदिवासी कुटुंबांनी, पोटासाठी गायराने कसली आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. भूमिहीनाची भाकरी व मेंढपाळाचे गवत यांना एकाच दोन आणे प्रतीच्या तुकड्यावर समोरासमोर उभे करणारी ही स्थिती आहे. आणि सोळा आणे प्रतीची जमीन या वादात कोठेही येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दरम्यान, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक भूमी नकाशासंग्रहाने अशा झुडपी-गवताळ क्षेत्रांना 'पडीक' या शीर्षकाखाली पुन्हा एकदा मोजले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तर शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. ऊर्जेची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु अशा प्रकल्पांसाठी जमीन शोधताना 'पडीक' हा शब्द पहिला निकष ठरतो आणि त्या शब्दाची वंशावळ विंगेटच्या तक्त्यापर्यंत मागे नेता येते.

२०१५ पासून देण्यात येणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक व सूक्ष्म अन्नद्रव्ये त्यात आहेत. चुनखडीचे प्रमाण त्या बारांत नाही. ज्या घटकाला एकोणिसाव्या शतकाने दोषांच्या यादीत पहिला मान दिला, तो एकविसाव्या शतकाच्या पत्रिकेतून सुटला आहे. शिवाय ही पत्रिका शेतकऱ्याच्या शेताची असते. गायरानाचा खातेदार कोणी व्यक्ती नसल्याने त्याची पत्रिका निघण्याचा प्रश्नच येत नाही.

जुनी प्रत मात्र टिकून आहे. सातबारा उताऱ्यावर जो 'आकार' रुपये-पैशांत दिसतो, तो त्या प्रतवारीचाच वारस होय. आज त्यातून शासनाला मिळणारा सारा नगण्य आहे. परंतु मुद्रांक विभागाच्या बाजारमूल्य दर तक्त्यांत ग्रामीण जिरायत जमिनीचे दर हेक्टरी आकारणीच्या गटांनुसार दिलेले असतात, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरविताना हे दर एक आधार मानले जातात. मुंबई-आग्रा मार्गासारख्या रस्त्यालगतची बरड जमीन संपादित होते, तेव्हा एखाद्या प्रतवारीकाराने कधीकाळी खड्डा खणून चौकटीत मांडलेले चुनखडीचे व उताराचे चिन्ह शेतकऱ्याच्या मोबदल्याच्या हिशेबात या मार्गाने उतरू शकते. गायरानाला तर आकारच नाही. ते शासनाच्या नावे असते, म्हणून त्याचा मोबदला कोणाला द्यावा लागत नाही. आणि पावसाळ्याचे चार महिने ज्याचा कळप त्यावर उभा असतो, त्या मेंढपाळाचे नाव सातबाराच्या कोणत्याही रकान्यात नसल्याने त्याला नोटीसही निघत नाही.